दातांचा खर्च आणि आरोग्य विमा : पॉलिसी घेण्यापूर्वी काय वाचावे, काय विचारावे

दातांच्या उपचारांसाठी विमा मिळतो का, अशी कोल्हापुरात चौकशी केली तर साधारणपणे दोन उत्तरे कानावर येतात. विमा प्रतिनिधी म्हणतो, "डेंटल आहे की त्यात." राजारामपुरीतल्या एखाद्या दवाखान्यातील काउंटरवर सांगतात, "दातांना विमा चालत नाही." दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. पॉलिसीच्या कागदात 'दंतोपचार' हा शब्द बहुधा असतोच, आणि रूट कॅनालचे बिल नामंजूर होऊन परत येते हेही नेहमीचेच. म्हणून "डेंटल आहे का?" एवढाच प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. दातांचा खर्च अपघातामुळे झाला तर मिळणार, रुग्णालयात दाखल झाले तरच मिळणार, की दवाखान्यात जाऊन खुर्चीवर केलेल्या साध्या उपचारालाही मिळणार, असे तीन तुकडे करून विचारावे. या तिन्हींची उत्तरे एकाच पॉलिसीत वेगवेगळी असू शकतात.

व्याख्येचे पान आणि लाभाचे पान

आपल्याकडील बहुतेक आरोग्य पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाभोवती रचलेल्या आहेत. सलग किमान २४ तास आंतररुग्ण म्हणून राहणे, किंवा भूल देऊन केलेली पण २४ तासांच्या आत आटोपणारी डे-केअर प्रक्रिया, या दोन चौकटींत बसणारा खर्च त्या देतात. दातांचे काम मात्र बहुतांशी खुर्चीवरच होते. कीड काढून सिमेंट भरणे, रूट कॅनालच्या दोन-तीन बैठका, त्यावरची कॅप, दाढ काढणे, दात स्वच्छ करून घेणे, यांपैकी कशालाही खाट लागत नाही. त्यामुळे हा खर्च मूळ पॉलिसीच्या रचनेतच बाहेर राहतो. अमेरिकेसारखी फक्त दातांसाठीची वेगळी पॉलिसी आपल्याकडे सहसा विकली जात नाही. दातांचे संरक्षण इथे मिळालेच तर दुसऱ्या कशाच्या तरी पोटात मिळते.

ग्राहकाची फसगत बहुधा व्याख्यांच्या पानावर होते. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, काही संज्ञांच्या प्रमाण व्याख्या ठरवून दिल्या आहेत आणि त्यांत दंतोपचाराचीही व्याख्या आहे. दात किंवा दातांना आधार देणाऱ्या भागांवरचे उपचार असा तिचा आशय असून तपासणी, फिलिंग, कॅप, दात काढणे आणि शस्त्रक्रिया यांचा तिच्यात उल्लेख येतो. ही यादी वाचून हे सारे आपल्याला मिळणार असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु व्याख्या केवळ शब्दाचा अर्थ सांगते, पैसे देण्याचे वचन देत नाही. वचन लाभांच्या प्रकरणात असते आणि ते काढून घेणारी वाक्ये अपवादांच्या प्रकरणात असतात. म्हणून पॉलिसीच्या पीडीएफमध्ये 'डेंटल' हा शब्द शोधावा, तो जितक्या ठिकाणी येईल तितकी सर्व वाक्ये वहीत उतरवून घ्यावीत आणि प्रत्येक वाक्य व्याख्या, लाभ की अपवाद यांपैकी कोणत्या प्रकरणातले आहे ते शेजारी लिहावे. पंधरा-वीस मिनिटांचे हे काम आहे, आणि माहितीपत्रकातील रंगीत तक्ता पाहण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगाचे ठरते.

अपवादांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया, सौंदर्योपचार, वंध्यत्व, प्रसूती अशा अठरा प्रकारच्या अपवादांची भाषा नियामकाने सर्व कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिली असून त्यांना संकेतांकही दिले आहेत. दंतोपचार हा त्या अठरांतला स्वतंत्र अपवाद नाही. दातांविषयीचे अपवादाचे वाक्य प्रत्येक कंपनी आपल्या शब्दांत लिहिते, आणि त्यामुळेच एका कंपनीचा अनुभव दुसऱ्या कंपनीला लागू पडत नाही. "अपघातामुळे आवश्यक झालेला आणि रुग्णालयात दाखल होऊन केलेला दंतोपचार सोडून" आणि "आजार किंवा इजेमुळे आवश्यक झालेला दंतोपचार सोडून" ही दोन वाक्ये वरवर सारखी भासतात. पहिल्यात अपघात आणि दाखल होणे या दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. दुसऱ्यात आजारालाही जागा आहे. शेजाऱ्याला किंवा मेव्हण्याला क्लेम मिळाला म्हणून आपल्यालाही मिळेल असे गृहीत धरू नये, त्याचे कारण हेच.

सौंदर्योपचाराचा प्रमाण अपवाद मात्र दातांनाही येऊन भिडतो. दात पांढरे करणे, व्हिनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला पातळ आवरण लावणे हे त्यात सरळ मोडते आणि तारा लावण्याचा खर्चही बऱ्याचदा त्याच कारणाने नाकारला जातो. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला त्याच अपवादात सूट दिलेली आहे, हे लक्षात ठेवल्यास पुढे वाद घालताना उपयोग होतो.

अपघातात दात तुटल्यास

या भागावर थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण साध्या पॉलिसीतून दातांसाठी पैसे मिळण्याची खरी शक्यता इथेच आहे आणि ती हातची जाते तीही इथेच.

शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्यात हेडिंगसाठी उडी घेताना समोरच्या खेळाडूचे कोपर लागले आणि वरचे पुढचे दोन दात मोडले असे समजू. मुलाला मित्रांनी जवळच्या दंतवैद्याकडे नेले, डॉक्टरांनी एक्स-रे काढून रूट कॅनाल सुरू केले आणि पुढच्या दोन आठवड्यांत कॅप बसवून दिल्या. अपघात निर्विवाद आहे, उपचार आवश्यक आहे, तरीही बहुतेक मूळ पॉलिसी हा खर्च देणार नाहीत, कारण मुलगा कुठेही दाखल झालेला नाही. अपघाती दंतोपचाराला ओपीडीतही, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारातही, संरक्षण देणारे कलम ज्या पॉलिसीत आहे तिच्यातच हे बिल चालेल. कलम असले तरी 'निरोगी नैसर्गिक दात' अशी अट अनेकदा जोडलेली असते. म्हणजे मोडलेला दात आधीच किडलेला किंवा कॅप बसवलेला असेल तर कंपनी हात आखडता घेऊ शकते.

आता त्याच सामन्यात दातांबरोबर जबड्याचे हाडही मोडले, मुलाला रुग्णालयात दाखल करून प्लेट बसवावी लागली असे धरू. इथे मूळ पॉलिसी लागू होते आणि दाखल असताना झालेला दातांचा खर्चही बहुधा तिच्यात येतो. शिवाय घरी सोडल्यानंतरच्या ठरावीक दिवसांत त्याच इजेसाठी झालेला खर्च मागता येतो. आरोग्य संजीवनी या प्रमाण पॉलिसीत ही मुदत ६० दिवसांची आहे आणि इतर पॉलिसींत ती याहून अधिकही असते. अडचण इम्प्लांटची, म्हणजे हाडात स्क्रू रोवून बसवायच्या कृत्रिम दाताची होते. दात मुळासकट गेला असेल तर हाड भरून येणे, स्क्रू हाडात पक्का होणे आणि मग त्यावर दात बसवणे याला कित्येक महिने जातात, तोवर ६० दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात. यावर उपाय म्हणून डिस्चार्ज समरीमध्येच दातांच्या पुढील उपचारांची पूर्ण योजना शल्यचिकित्सकांकडून लिहून घ्यावी, मुदतीत होण्याजोगे काम मुदतीत करावे आणि उरलेल्या कामाबाबत कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. विम्याची तारीख गाठण्यासाठी हाड भरण्याआधीच स्क्रू बसवून घेण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरणे मात्र कोणाच्याच हिताचे नाही.

खेळाच्या निमित्ताने एक शंका कोल्हापुरात हमखास निघते : तालमीतला मुलगा किंवा पेठेच्या संघाकडून खेळणारा फुटबॉलपटू जखमी झाला तर कंपनी 'धोकादायक खेळ' म्हणून अंग काढून घेईल का? प्रमाण अपवादाची भाषा धोकादायक किंवा साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेण्यापुरती आहे, आणि त्यात उदाहरणे दिली आहेत ती गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार शर्यत, स्कूबा डायव्हिंग अशांची. हौसेने खेळणाऱ्याला हे कारण लावले गेल्यास त्यावर लेखी हरकत घ्यावी. दुचाकीच्या अपघातात तर पहिल्याच दिवशी रुग्णालयात एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण अशी नोंद झाली आहे ना हे पाहावे आणि तुटलेल्या दातांचा उल्लेख पहिल्या केसपेपरवरच करून घ्यावा. हातपाय मोडलेल्या माणसाच्या दातांकडे पहिल्या दिवशी कोणी बघत नाही, आणि आठ दिवसांनी लिहिलेल्या दातांवर कंपनी शंका घेते.

आरोग्य संजीवनीचा उल्लेख आलाच आहे, तर तिच्याविषयी दोन शब्द. ही पॉलिसी २०२० पासून सर्व कंपन्यांना एकाच मसुद्यात द्यावी लागते आणि तिच्यात आजार किंवा इजेमुळे आवश्यक झालेला दंतोपचार दाखल होण्याच्या खर्चात धरलेला आहे. प्रत्येक क्लेममागे ५ टक्के रक्कम आपल्याला भरावी लागते. दातांसाठी म्हणून ती घ्यावी असे मी सुचवणार नाही. पण दुसऱ्या कोणत्याही पॉलिसीतील दातांचे वाक्य संजीवनीच्या वाक्याशेजारी ठेवून पाहिले की ते त्याहून सढळ आहे की आखूड, हे चटकन समजते.

जे 'दंतोपचार' या सदरात मोडतच नाही

तोंडात झालेला प्रत्येक आजार म्हणजे दातांचा आजार नव्हे. तोंडाच्या कर्करोगाचा उपचार कर्करोग म्हणूनच गणला जातो, दंतोपचाराच्या अपवादाशी त्याचा संबंध नाही. मिश्री आणि गुटख्याचे प्रमाण पाहता आपल्या भागात हे आवर्जून सांगावे लागते. लाळग्रंथींवरील शस्त्रक्रिया, टाळूवरचा छेद, तोंड-जबडा-चेहरा या भागातला गळू फोडून निचरा करणे अशा प्रक्रिया पॉलिसींच्या डे-केअर यादीत स्वतंत्रपणे दिलेल्या आढळतात. एखादा क्लेम 'डेंटल' असा शिक्का मारून परत आला तर केलेली प्रक्रिया त्या यादीत दुसऱ्या नावाने आहे का, हे शल्यचिकित्सकांकडून तपासून घ्यावे. भूल देऊन काढलेली आडवी अक्कलदाढ हे सीमारेषेवरचे प्रकरण आहे आणि त्याचे उत्तर पॉलिसीगणिक बदलते. तेथे आधी लेखी पूर्वमंजुरी घेतल्याशिवाय दाखल होऊ नये.

ओपीडी संरक्षण : आधी हिशेब, मग सही

खुर्चीवरच्या नेहमीच्या कामासाठी पैसे हवे असतील तर ते ओपीडी लाभातूनच मिळतात. हा लाभ काही पॉलिसींत मुळातच असतो, काहींत जादा हप्ता भरून जोडता येतो, तर काही व्यापक पॉलिसी सलग तीन वर्षे नूतनीकरण केल्यानंतर एकदा दात आणि डोळे मिळून ठरावीक रकमेपर्यंतचा ओपीडी खर्च देतात. नाव कोणतेही असो, चार आकडे आणि एक यादी मागून घ्यावी : जादा हप्ता किती, ओपीडीची वार्षिक मर्यादा किती, त्यातील दातांची उपमर्यादा किती, आपला हिस्सा किती टक्के आणि दातांच्या कोणत्या कामांना पैसे मिळणार नाहीत.

पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतलेले आहेत. जादा हप्ता वर्षाला ३,००० रुपये, दातांची उपमर्यादा ५,००० रुपये, आपला हिस्सा २० टक्के, आणि स्केलिंग (दातांची सफाई), कॅप, कवळी, इम्प्लांट, तारा यांना पैसे नाहीत असे धरू. चौघांच्या कुटुंबात वर्षभरात दोघांचे स्केलिंग २,००० रुपये, एक फिलिंग १,२०० रुपये, एक रूट कॅनाल ५,००० रुपये आणि त्यावरची कॅप ६,००० रुपये, असा एकूण १४,२०० रुपये खर्च झाला. पात्र खर्च फक्त फिलिंग आणि रूट कॅनालचा, म्हणजे ६,२०० रुपये. त्यातून २० टक्के वजा केले की ४,९६० रुपये उरतात, तेवढे उपमर्यादेत बसतात आणि हप्ता वजा जाता कुटुंबाच्या पदरात १,९६० रुपये पडतात. परंतु कंपनी आधी उपमर्यादा लावून मग हिस्सा कापत असेल तर ५,००० चे ४,००० रुपयेच होतात आणि फायदा हजारावर येतो. कोणती वजावट आधी, हे विचारणारा ग्राहक क्वचितच भेटतो. पुढची दोन वर्षे फक्त स्केलिंगच करावे लागले तर तीन वर्षांत भरलेले ९,००० रुपये आणि हाती आलेले जास्तीत जास्त ४,९६०.

दातांचा नेहमीचा खर्च हा विम्याच्या स्वभावाला फारसा मानवणारा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तो बराचसा आधी दिसतो, पुढे ढकलता येतो आणि ज्याला तो येणार हे माहीत आहे तोच जादा हप्ता भरायला पुढे येतो. म्हणून कंपन्या मर्यादा लहान ठेवतात आणि प्रतीक्षा कालावधी, म्हणजे सुरुवातीचा पैसे न मिळण्याचा काळ, लावतात. ज्या घरात चांगली पाच-दहा लाखांची मूळ पॉलिसीच नाही त्या घराने दातांच्या ओपीडी लाभावर पैसे घालण्याआधी ती घ्यावी आणि दातांसाठी एखादे छोटे आवर्ती ठेव खाते वेगळे चालवावे. ओपीडी लाभातून डॉक्टरांची तपासणी फी, रक्त-लघवीच्या तपासण्या आणि औषधेही मिळत असतील, आणि घरात मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण असतील, तर गणित बदलते; मग दातांचे पैसे हा वरकड फायदा समजावा.

हिशेब करताना जुनी माहितीपत्रके वापरू नयेत. वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसींच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे. नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक पॉलिसीला ही सूट नाही.

कॅशलेस ओपीडीचे आश्वासन असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड घालून जाळ्यातील दंतवैद्यांची यादी काढावी आणि त्यांतील दोघा-तिघांना स्वतः फोन करून ही योजना ते आज स्वीकारतात का, हे विचारावे. पुण्या-मुंबईत लांबलचक दिसणारी यादी कोल्हापुरात आखूड होते आणि गडहिंग्लज किंवा राधानगरीच्या पिनकोडला कधीकधी रिकामीच निघते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन नंतर परतफेड मागण्याची सोय आहे की नाही, हे अशा वेळी निर्णायक ठरते.

सवलतीची कार्डे हा वेगळाच प्रकार आहे. वर्षाला काही रक्कम भरून एखाद्या दवाखान्याच्या किंवा साखळीच्या दरात सूट देणारे सदस्यत्व म्हणजे विमा नव्हे. तेथे आयआरडीएआय नाही आणि विमा ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा विमा लोकपालही नाही. हप्त्याहप्त्याने पैसे भरण्याची सोय म्हणजे सरळ कर्ज. दोन्ही गोष्टी कामाच्या असू शकतात, फक्त त्यांना विमा म्हणून स्वीकारू नये.

नोकरी, सैन्यसेवा आणि सरकारी सोयी

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या अनेकांकडे दातांचे संरक्षण आधीपासून असते आणि त्यांना ते ठाऊक नसते. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला पात्र आस्थापनेतील कामगार कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआय योजनेत येतो. त्याच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. या योजनेत कामगाराबरोबर कुटुंबालाही वैद्यकीय सेवा मिळते आणि दातांच्या तपासणीची व मूलभूत उपचारांची चौकशी ईएसआयच्या दवाखान्यातूनच सुरू करावी. वेतनमर्यादेच्या वरच्या कर्मचाऱ्यांना कंपनीची सामूहिक पॉलिसी असते. तिच्यात मोठ्या आयटी कंपन्यांप्रमाणे दातांचा टॉप-अप निवडण्याची मुभा असली तर ती वर्षातून एकदाच, नोंदणीच्या ठरावीक दिवसांत मिळते. ती तारीख एचआरकडून आधीच विचारून ठेवावी.

माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये दंतचिकित्सा उपलब्ध असते. घरोघरी सैन्यातून निवृत्त झालेली माणसे असलेल्या या जिल्ह्यात ही सोय असताना आईच्या कवळीसाठी खासगी विमा शोधत बसण्यात अर्थ नाही. आधी वडिलांचे ईसीएचएस कार्ड बाहेर काढावे.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून प्रति कुटुंब दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, मात्र तिचा भर रुग्णालयातील शस्त्रक्रिया आणि गंभीर उपचारांवर आहे. जबड्याची मोठी इजा किंवा तोंडाचा कर्करोग असेल तर अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. कॅप आणि फिलिंगसाठी ती योजना नाही. ज्यांना कोणताच आधार नाही त्यांच्यासाठी कोल्हापुरातले सरकारी सीपीआर रुग्णालय आहे, आणि हातकणंगले तालुक्यातील नवे पारगाव येथील तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयासारख्या संस्था आहेत. दंत महाविद्यालयात शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, हेलपाटे पडतात, पण खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने बराच कमी येतो.

परदेशी असलेल्या मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी एवढेच सांगतो की प्रवासी विम्यात दातांसाठी सहसा अचानक उठलेली तीव्र वेदना किंवा अपघात यांपुरतीच छोटी रक्कम असते. निघण्याआधी दुखरी दाढ इथेच दाखवून घ्यावी. मुलांना तिकडे मिळणारे संरक्षण वेगळ्याच धर्तीचे असते. अमेरिकेतील दंतविम्यात तपासणी आणि सफाईला १०० टक्के, फिलिंगसारख्या कामाला ८० टक्के आणि कॅप-ब्रिजसारख्या मोठ्या कामाला ५० टक्के ही ठोकळ विभागणी प्रचलित आहे आणि वर्षाची कमाल रक्कम अनेकदा १,००० ते २,००० डॉलरच्या दरम्यान असते. जर्मनीत सरकारी विमा कॅप, ब्रिज, कवळी यांच्या प्रमाण खर्चाच्या ६० टक्के देतो आणि वार्षिक तपासणीची नोंद सलग पाच वर्षे असल्यास ७० टक्के, दहा वर्षे असल्यास ७५ टक्के. तिकडे शिकायला गेलेल्या मुलाला ही तपासणी पहिल्या वर्षापासून करायला सांगावे.

सही करण्यापूर्वी आणि पॉलिसी हाती आल्यावर

प्रत्येक पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक देणे कंपनीवर बंधनकारक आहे आणि मागणी केल्यास ते स्थानिक भाषेत मिळते. मराठीतील पत्रक मागावेच. पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक कालावधी असतो. दातांविषयी प्रतिनिधीने जे तोंडी सांगितले ते कागदावर नसेल तर या मुदतीत पॉलिसी परत करून किरकोळ वजावटीसह पैसे मागता येतात. प्रस्तावात दातांच्या किंवा हिरड्यांच्या आधीच्या उपचारांबाबत प्रश्न असल्यास खरे उत्तर लिहावे. आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिन्यांची असते. लपवाछपवी करून ती टाळण्याच्या नादात अख्खी पॉलिसी धोक्यात येते.

बिल कसे असावे

क्लेम अडतो तो पुष्कळदा बिलाच्या कागदावर. लेटरहेडवर 'डेंटल ट्रीटमेंट, ११,००० रुपये' एवढेच लिहून सही केलेली पावती कंपनीला पुरत नाही. दंतवैद्य दातांना दोन आकडी क्रमांक देतात. खालची डावीकडची पहिली मोठी दाढ ३६, उजवीकडची ४६, वरचे पुढचे मधले दोन दात ११ आणि २१. बिलात दाताचा क्रमांक, निदान, केलेले काम आणि प्रत्येक बैठकीची तारीख वेगवेगळ्या ओळींत हवी. 'दात क्र. ३६, खोल कीड, रूट कॅनाल, बैठका तीन' ही ओळ आणि 'दात क्र. ३६, कॅप' ही ओळ स्वतंत्र असेल तर कॅप अपात्र ठरली तरी रूट कॅनालचे पैसे अडकत नाहीत. दोन्ही मिळून एकच रक्कम लिहिली असेल तर सगळेच अडकते. बिलावर डॉक्टरांचा महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा. उपचारापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही एक्स-रे मागून घ्यावेत. आता ते संगणकावरच असतात, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत लगेच ईमेलवर जपून ठेवावी. पैसे यूपीआयने किंवा कार्डाने द्यावेत, म्हणजे पावतीला बँकेच्या नोंदीचा आधार राहतो.

क्लेम नाकारला गेल्यास

नकाराचे पत्र आले की त्यात पॉलिसीचे कोणते कलम दाखवले आहे ते पाहावे. नकाराची कारणे विशिष्ट अटींच्या आधारे देणे कंपनीला बंधनकारक आहे आणि कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीच्या संमतीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. पत्रात नुसते 'डेंटल एक्स्क्लूडेड' असेल तर कलम क्रमांक आणि समितीचा निर्णय लेखी मागावा. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते.

कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतो. तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तेथे चालतात. दातांचा कोणताही वाद या मर्यादेत आरामात बसतो. दुसरा मार्ग कोल्हापुरातल्याच जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा आहे आणि तेथे दोन वर्षांची मुदत आहे. लोकपाल मात्र दुसरीकडे प्रलंबित असलेले प्रकरण हाती घेत नाही. त्यामुळे चार-पाच हजारांच्या दातांच्या बिलासाठी आधी पुण्याला ऑनलाइन तक्रार करावी आणि तेथे दाद लागली नाही तर आयोगाचा विचार करावा.